मनोरमाबाई मेधावी : आंधळ्या मुलींच्या शिक्षिका



पंडिता रमाबाई सरस्वती यांचे नाव आपणां सर्वांस परिचित आहे. त्यांचे चरित्र सांगण्याचा आज माझा उद्देश नाही. ते पुष्कळांनी सांगितले आहे, आणि त्यांच्याविषयी वाद घालण्याची हौसही महाराष्ट्राने शंभर वर्षे मनसोक्त फेडून घेतली आहे. मला बोलावयाचे आहे ते त्यांच्या कन्येविषयी. मनोरमाबाई मेधावी यांच्या वाट्याला आईच्या चरित्रात बहुधा तीन वाक्ये येतात : अमुक साली जन्म, आईच्या कार्यास हातभार, आणि आईच्या अगोदर मृत्यू. या तीन वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक मोठे काम दडून राहिले आहे. विसावे शतक उजाडत असता पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर, दुष्काळातून उचलून आणलेल्या आंधळ्या मुलींस त्यांनी बोटांनी वाचावयास शिकविले. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात या गोष्टीस जे स्थान मिळावयास हवे होते ते मिळालेले नाही, असे माझे मत आहे.

प्रथम त्या दुष्काळाविषयी चार शब्द बोलणे अवश्य आहे. कारण त्यावाचून या मुली कोठून आल्या हे ध्यानात यावयाचे नाही. १८९६-९७ साली एक मोठा दुष्काळ पडला, आणि त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० साली दुसरा आला. आमचा बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची वस्ती ६ लाख ४२ हजारांवर होती; १९०१ साली ती ४ लाख ९२ हजारांवर आली. दहा वर्षांत दीड लाख माणूस कमी झाले. ती सारी माणसे मेली असे नव्हे. पुष्कळांनी गावे सोडली व ती परत आली नाहीत. परंतु गावोगावची घरे ओस पडली ही गोष्ट खरी. मध्यप्रांत, गुजरात, राजपुताना येथे तर याहून भयंकर प्रकार घडले.

दुष्काळ माणसास मारतो हे आपण जाणतो. तो माणसास आंधळे करतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आहारातून हिरवा पाला, दूध, लोणी नाहीसे झाले म्हणजे मुलास प्रथम संध्याकाळी दिसेनासे होते. यास आपण रातांधळेपणा म्हणतो. तेवढ्यावर न थांबता पुढे बुबुळ कोरडे पडते, मऊ होते, आणि त्यात गोवर किंवा हगवणीची भर पडली तर थोड्या दिवसांत डोळा कायमचा जातो. ज्याच्या अभावी हे घडते त्या ‘अ’ जीवनसत्त्वाचा शोध १९१३ साली लागला. म्हणजे त्या वेळच्या वैद्यांस कारणही ठाऊक नव्हते. शिवाय देवीची साथ होती, खुपऱ्या होत्या. दुष्काळी छावण्यांतून जी अनाथ पोरे गोळा झाली, त्यांत आंधळ्यांची संख्या का मोठी असे, याचे उत्तर यात आहे.

अशा मुलीचे पुढे काय व्हावयाचे? मुलगा आंधळा झाला तर देवळाच्या पायरीवर बसून एकतारी छेडण्यास त्यास कोणी हरकत घेत नसे. मुलीस तेवढीही सोय नव्हती. तिचे लग्न होणे नाही, शेतात तिचा उपयोग नाही, आणि रस्त्यावर बसली तर तिची अब्रू सुरक्षित नाही.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या समाजाने आंधळ्यांचा आदर केलेला आहे. सूरदासांस आपण विसरलो काय? विसरलो नाही. आणि सूरदासांपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. वऱ्हाडातील माधानचे संत गुलाबराव महाराज यांची दृष्टी जन्मानंतर वर्षाच्या आतच गेली होती. तरी त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन वेदान्तापासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंत सर्व आत्मसात केले, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथरचना केली. लोकांनी त्यांस ‘प्रज्ञाचक्षू’ ही पदवी दिली, ती सर्वथैव योग्य आहे. मी स्वतः माळकरी आहे आणि महाराजांचे नाव घेताना माझे हात आपोआप जुळतात. परंतु शिक्षक या नात्याने मला असे वाटते की, ज्याची प्रज्ञाच चक्षू होऊ शकते अशा लोकोत्तर पुरुषाचा गौरव करणे सोपे आहे. ज्या मुलीजवळ दृष्टी नाही आणि लोकोत्तर प्रज्ञाही नाही, जी तुमच्याआमच्या मुलीसारखी साधारण बुद्धीची आहे, तिच्यासाठी कोणी काय केले, हा खरा प्रश्न होय. योगायोग असा की, गुलाबराव महाराज व मनोरमाबाई या दोघांचाही जन्म १८८१ सालचा.

मनोरमाबाईंचा जन्म त्या वर्षी १६ एप्रिल रोजी आसामात झाला. वडील बिपिनबिहारी दास मेधावी हे बंगाली वकील. रमाबाई चित्पावन ब्राह्मणाच्या कन्या व मेधावी शूद्र समजल्या जाणाऱ्या जातीचे. तेव्हा विवाह नोंदणी पद्धतीने झालेला, आणि दोन्ही बाजूंच्या आप्तांस नकोसा. मूल दहा महिन्यांचेही झाले नाही तोच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने वारले. तान्ह्या मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, १८८३ साली इंग्लंडास गेल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथील मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमेचे तेव्हा दुसरे वर्ष पुरे झाले होते. म्हणजे ज्या धर्मांतरावरून महाराष्ट्र इतका क्षुब्ध झाला, त्याचा निम्मा भाग अडीच वर्षांच्या पोरीच्या पदरात पडला होता, हे टीकाकारांच्या क्वचितच ध्यानी येते.

रमाबाईंस डॉक्टर व्हावयाचे होते. तो बेत सोडावा लागला याचे कारण त्यांची श्रवणशक्ती मंद होती. ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत सांगून पुढे जातात. मला ती महत्त्वाची वाटते. पाच इंद्रियांपैकी एक दगा देऊ लागले म्हणजे विद्येचे कोणते दार बंद होते, व अन्य कोणत्या दाराने आत शिरता येते, हे मनोरमेने ग्रंथांतून शिकण्यापूर्वी आपल्या आईच्या रूपाने घरातच पाहिले असले पाहिजे.

तिचे बाळपण फार धावपळीचे गेले. १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास आईबरोबर ती अमेरिकेस गेली, तेथून इंग्लंडच्या मठातील भगिनींकडे परत पाठविली गेली, पुन्हा आईकडे आली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. १८९३ च्या सुप्रसिद्ध प्रकरणात मनोरमेचाही अप्रत्यक्ष संबंध येतो. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, त्या वेळी दार उघडे असे, आणि सदनातील काही विधवा मुली तेथे येऊन बसू लागल्या. दार लावावयाचे की उघडे ठेवावयाचे, यावर सारे पुणे दोन तट करून भांडले. ‘केसरी’ने प्रहार केले, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. धर्मशिक्षण न देण्याचे अभिवचन ज्या संस्थेने दिले होते तिच्याविषयी पालकांस शंका येणे स्वाभाविक होते, हे मी मान्य करतो. परंतु बारा वर्षांच्या मुलीस आपल्या आईच्या प्रार्थनेचे असे जाहीर न्यायालय झालेले पाहावे लागले, याचा तिच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याचाही विचार करावयास हवा.

पुढे शिक्षणासाठी ती पुन्हा परदेशी गेली. न्यूयॉर्क राज्यात नॉर्थ चिली या गावी चेस्ब्रो सेमिनरी नावाचे एका मेथडिस्ट पंथाचे विद्यालय होते. तेथे तिचे अध्ययन झाले. इकडे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात स्वतः हिंडून शेकडो मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील १८७० नंतरच्या दुष्काळात उपासमारीने गेले होते. त्यामुळे त्या मुलींत त्यांस आपलेच रूप दिसले तर नवल नाही. पुण्यात प्लेगमुळे त्यांस ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर छपरे उभी राहिली, व त्यातून ‘मुक्ति’ ही संस्था १८९८ साली आकारास आली. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. या समुदायात आंधळ्या मुली व बाया होत्या. हे वर्तमान अमेरिकेत मनोरमाबाईंस कळले, आणि इतर अभ्यासक्रमाबरोबर त्या ब्रेल लिपी शिकून घेऊन १९०० साली स्वदेशी परतल्या. त्या वेळी त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते.

ब्रेल लिपी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. लुई ब्रेल हा फ्रेंच खोगीरवाल्याचा मुलगा. तीन वर्षांचा असता बापाच्या दुकानातील आरी डोळ्यात जाऊन त्याची दृष्टी गेली. फ्रेंच सैन्यातील एका अधिकाऱ्याने अंधारात निरोप वाचता यावेत म्हणून बारा टिंबांची एक युक्ती काढली होती. पंधरा वर्षांच्या ब्रेलने १८२४ च्या सुमारास ती सहा टिंबांवर आणली, जेणेकरून संपूर्ण अक्षर बोटाच्या एका पेराखाली मावावे. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या ओळी. त्यांतील कमीअधिक टिंबे उठवून ६३ निरनिराळ्या आकृती होतात. बस्स, एवढ्यावर सर्व विद्या.

शिकविणाराची खरी परीक्षा पुढेच आहे. लिहिताना जाड कागद पाटीच्या चौकटीत धरून टोकदार सळईने टोचावे लागते, आणि टिंब वर येते ते कागदाच्या पाठीमागे. म्हणून लिहावयाचे उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटे. आणि कागद फिरवून वाचावयाचे डावीकडून उजवीकडे, सुलटे. मी तीसएक वर्षे पाटीखडूचे काम केले. डोळस मुलास ‘ग’ आणि ‘म’ यांतील भेद समजावतानाही आम्ही अर्धा तास हात धरून गिरवीत असू, आणि आमची सारी भिस्त त्या मुलाच्या डोळ्यांवर. येथे ज्या मुलीने जन्मात अक्षर पाहिलेले नाही, जिची बोटे काबाडकष्टाने राठ झालेली आहेत, जिला प्रथम पोटभर जेवण व झोप यांचीच सवय लावावयाची आहे, तिला एकाच अक्षराची सुलटी व उलटी अशी दोन रूपे मनात बाळगावयास शिकवावयाचे! यास किती महिने लागत असतील याची कल्पना ज्याने वर्ग घेतला आहे तोच करू शकेल.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक अडचण होती. ब्रेलची टिंबे रोमन वर्णमालेसाठी योजलेली. आपली बाराखडी, जोडाक्षरे, काना-मात्रा त्यांत कशी बसवावयाची यावर एकमत नव्हते. अमेरिकेतच त्या काळी टिंबांच्या दोनतीन पद्धतींचे भांडण चालू होते; हिंदुस्थानात तर प्रांतोप्रांती वेगळ्या लिप्या निघाल्या, आणि एका शाळेत शिकलेल्या आंधळ्यास दुसऱ्या प्रांताचे पुस्तक वाचता येईना. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ही सर्व भाषांस समान अशी पद्धती ठरली तेव्हा हा गोंधळ मिटला. सहज सांगतो, भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर येते, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. आमची डोळस मुले ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढावी की नंतर, यावरून गोंधळतात. आंधळ्यांच्या लिपीत ती अडचण मुळीच नाही.

हिंदुस्थानात या विद्येस प्रारंभ होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. १८८७ साली मिस अ‍ॅनी शार्प यांनी अमृतसरला आंधळ्यांची पहिली शाळा काढली. १८९० च्या सुमारास तामिळ मुलखात पालयमकोट्टईला मिस अ‍ॅस्क्विथ यांनी दुसरी काढली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईस शाळा सुरू केली. तीच आजची दादरची मुलींची अंधशाळा. दोन वर्षांनी मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली, व तिची धुरा स्वतः अंध असलेल्या डॉ. नीलकंठराय छत्रपती यांनी वाहिली. पहिल्या तिन्ही बाया परदेशी. त्यांच्याच काळात एक हिंदी तरुणी, आईची भाषा मराठी असलेली, केडगावसारख्या खेड्यात हेच काम हाती घेते, ही साधी गोष्ट नव्हे.

‘मुक्ति’मध्ये आंधळ्यांसाठी जे घर झाले त्यास ‘बार्तिमी सदन’ असे नाव देण्यात आले. बार्तिमी हा बायबलातील एक आंधळा भिकारी. यरीहो गावाच्या वाटेवर बसून तो येशूस हाक मारू लागला, तेव्हा गर्दीतील लोकांनी त्यास दटावून गप्प बसावयास सांगितले. तो अधिकच मोठ्याने ओरडू लागला. नाव ठेवणाराने मोठ्या विचाराने ठेवले आहे. ही कथा दृष्टी परत आल्याची म्हणून सांगितली जाते. परंतु मला त्यातील अधिक बोचणारा भाग गर्दीचा वाटतो. गप्प बस, असे सांगणारे लोक काही दुष्ट नव्हते. ते आपल्या वाटेने चाललेले सभ्य गृहस्थ होते.

बार्तिमी सदनात वाचन-लेखन होते, तसेच हाताचे काम होते. विणकाम, टोपल्या करणे, यांसारखे धंदे आंधळ्या मुली शिकत. ‘मुक्ति’चा रिवाजच असा की, कोणीही बसून खावयाचे नाही. दया म्हणून दोन घास घालणे एक, आणि तुझ्या हातास येण्यासारखे काम आहे असे म्हणून ते शिकविणे वेगळे. पहिल्यात देणाराचे पुण्य वाढते. दुसऱ्यात घेणाराची मान वर होते.

धर्माचा प्रश्न मी टाळणार नाही. मिशनच्या शाळांत आंधळ्यांच्या बोटांखाली पहिले पुस्तक बहुधा बायबलचाच एखादा भाग पडे. या कामामागील प्रेरणा ख्रिस्ती श्रद्धेची होती, हे मनोरमाबाईंनी लपविले नसते आणि आपणही लपवू नये. यावर आक्षेप घेणारे म्हणतील की, दुष्काळाने गांजलेल्या पोरींस अन्नाबरोबर धर्मही वाढला गेला. हा आक्षेप सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्याच वेळी आमच्या बाजूने अशा मुलींसाठी किती घरे उघडली होती? दुष्काळ सर्वांनी पाहिला. आंधळ्या मुलींच्या बोटांस अक्षरे देण्यासाठी बाहेर पडणारी मंडळी फार थोडी होती. आणि वाचण्याची कला ही अशी वस्तू आहे की, ती एकदा दिली म्हणजे देणाराच्या हाती राहत नाही. ज्या बोटाने एक पुस्तक वाचले ते बोट त्याच लिपीतले दुसरे कोणतेही पुस्तक वाचू शकते.

मनोरमाबाईंच्या वाट्यास केवळ हीच शाळा होती असे नाही. मुंबई विद्यापीठाची बी. ए.ची पदवी त्यांनी मिळविली. शारदासदनाच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. संस्थेच्या कामासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवास केला. १९१२ च्या सुमारास त्यांच्या साहाय्याने रमाबाईंनी गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. गुलबर्गा हे, आमच्या बीडप्रमाणेच, निजामी राज्यातले. त्या राज्यात राजभाषा उर्दू, लोकांची भाषा कुठे मराठी, कुठे कानडी, कुठे तेलुगू. मुलींच्या शिक्षणाची तर बोलायलाच नको अशी स्थिती. केडगाव व गुलबर्गा मुंबई-रायचूर या एकाच लोहमार्गावर आहेत, म्हणून कदाचित ते ठिकाण निवडले असेल. आमच्या बालाघाटात त्या वेळी आगगाडी असती तर ती शाळा कोठे निघाली असती, असा विचार माझ्या मनात उगीचच येऊन जातो.

अ‍ॅन सलिव्हन या शिक्षिकेचे नाव आज जगास ठाऊक आहे, कारण तिची विद्यार्थिनी हेलन केलर होती. १८८७ सालच्या मार्चमध्ये ती त्या आंधळ्या-बहिऱ्या मुलीच्या घरी शिकवावयास आली, आणि १९०४ साली तीच मुलगी पदवीधर झाली. मनोरमाबाईंच्या शिष्यांत कोणी हेलन केलर निघाली नाही. त्यांच्या मुलींनी ग्रंथ लिहिले नाहीत, व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी टोपल्या विणल्या, धाकट्या आंधळ्या मुलींस अक्षरे लावून दिली, सायंकाळी वाचन केले, आणि त्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. शिष्य अनाम राहिले म्हणजे गुरूही विस्मृतीत जातो. त्यातून आई एवढी थोर की तिच्या सावलीत दुसरे कोणी दिसू नये, आणि धर्म असा की बहुसंख्य मराठी वाचकांस आपलेपणा वाटू नये.

१९१९ साली सरकारने रमाबाईंस कैसर-ई-हिंद पदक दिले. पुढल्याच वर्षापासून त्यांची प्रकृती ढासळू लागली. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत आणण्याचे प्रचंड काम त्यांनी अंगावर घेतले होते, व ‘मुक्ति’चा सारा भार मुलीवर सोपवावयाचे ठरविले होते. आईस ऐकू येईनासे झालेले, मुलीच्या प्रकृतीने उचल खाल्लेली, आणि संस्थेत शेकडो तोंडे. अखेर १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाईच आधी गेल्या. त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही निवर्तल्या.

बार्तिमी सदनातील मुली दुसऱ्यांदा पोरक्या झाल्या, पण त्यांची शाळा मोडली नाही. संस्था आजही चालू आहे, आणि तेथे अनाथ मुलांबरोबर दृष्टिहीन स्त्रियाही राहतात. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव हे स्थानक लागते. बहुतेक जलद गाड्या तेथे थांबत नाहीत.